सुंभ जळला तरी

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाली त्याने जळता सुंभ नीट बघितलेला असणार. आपण ती हट्टी माणसाला टोमणा म्हणून वापरतो, पण तिच्यातलं निरीक्षण प्रयोगवहीत लिहून ठेवावं इतकं नेमकं आहे. काथ्याच्या दोरीला विस्तव लागला की ती धुमसत जाते. धूर संपल्यावर जागच्या जागी काळी दोरी पडलेली असते, पेड मोजता येतील इतकी शाबूत. बोट लावलं की भुगा होतो, पण लावेपर्यंत ती दोरीच असते.

मालवणच्या जेटीवर हाच प्रयोग रोज होतो, फक्त दोर वेगळा असतो. नायलॉनचा दोर तोडला की टोकाचे पेड लगेच उसवायला लागतात. म्हणून तोडणारा माणूस खिशातून लायटर काढतो आणि टोकाला ज्योत धरतो. टोक आक्रसतं, पिवळसर पडतं, बुडबुडे येतात आणि थेंब लोंबायला लागतो. तो गळायच्या आत कोयत्याच्या सपाट बाजूने दाबला की टोकाला टणक बोंडूक तयार. त्या बोंडकात पेड नाहीत, पीळ नाही, दोरीपणाचं काहीच शिल्लक नाही. तो थेंब चुकून हातावर पडला तर कातडीला चिकटून बसतो आणि आत भाजत राहतो. काथ्याच्या आधी नायलॉन कोकणात आला असता तर ती म्हण मराठीला मिळालीच नसती.

आता तिसरा धागा. याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत, एक पांढरी आणि एक सोनेरी पिवळी. त्याला लायटर लावला तर तो वितळत नाही, गळत नाही. काळा पडतो, थोडा फुगतो, आणि ज्योत बाजूला नेली की स्वतःच विझतो. कापड विणलेलं असेल तर ताणा-बाणा जसाच्या तसा दिसत राहतो. वागणं सगळं सुंभाचं, पण कुळ बघायला जावं तर तो निघतो नायलॉनचा चुलतभाऊ. नायलॉन आणि हा धागा, दोघेही पॉलिअमाइड. दोघांच्याही रेणूंच्या साखळ्या एकाच प्रकारच्या सांध्याने जोडलेल्या. मग एकाचा थेंब का होतो आणि दुसऱ्याचा कोळसा का?

नायलॉनपासून सुरुवात करू. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी अमेरिकेत विल्मिंग्टनच्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन ६६ बनवला. तीनच वर्षांनी जर्मनीत पाउल श्लाक यांनी नायलॉन ६ शोधला, आणि आज मासेमारीच्या जाळ्यांत बहुतेक हा दुसरा असतो. कार्बनचे अणू एका रांगेत, ठरावीक अंतरावर एक अमाइड सांधा, पुन्हा कार्बनची रांग, अशी ही साखळी. हाच सांधा रेशमात असतो, लोकरीत असतो, आपल्या केसांतही असतो. शेजारशेजारच्या साखळ्या या सांध्यांच्या आधाराने एकमेकींना धरून राहतात, म्हणून धागा मजबूत. पण मधली कार्बनची रांग लवचीक असते. उष्णता वाढली की ती वळवळायला लागते, आणि नायलॉन ६ मध्ये २२० अंश सेल्सिअसच्या आसपास, नायलॉन ६६ मध्ये २६५ च्या आसपास, साखळ्या एकमेकींचा हात सोडतात. यालाच आपण वितळणं म्हणतो. एकही साखळी तुटलेली नसते, फक्त घट्ट वीण सुटून गेलेली असते. आणखी तापवलं की मग साखळ्या तुटतात, त्यांचे छोटे तुकडे वाफ होऊन बाहेर पडतात आणि ती वाफ पेटते. घन पदार्थ जळताना दिसतो तेव्हा बहुतेक वेळा जळत असते ती त्यातून सुटलेली वाफ.

आता याच साखळीत एक बदल करायचा. कार्बनची लवचीक रांग काढून तिथे सहा कार्बनचं षटकोनी कडं बसवायचं. रसायनशास्त्रात याला बेन्झीनचं वलय म्हणतात. हे कडं सपाट असतं आणि कडक असतं, कारण त्याचे सहाही कार्बन काही इलेक्ट्रॉन सामाईक वापरतात. अशी कडी ओवलेली साखळी वळवळू शकत नाही. शेजारणींशी तिचं धरून राहणं इतकं पक्कं होतं की सुटायची वेळ यायच्या आधी साखळीच तुटायचं तापमान येतं. म्हणजे या धाग्याला वितळणबिंदूच उरत नाही. आणि तुटतानाही तो वेगळा तुटतो. मोकळी झालेली कडी वाफ होऊन उडून जाण्याऐवजी एकमेकांना चिकटतात, थरावर थर रचले जातात, त्याचा कोळसा होतो. वाफ कमी, म्हणून ज्योतीला खाद्य कमी. वर कोळशाचा थर, म्हणून आतल्याला संरक्षण.

आणि सुंभ? नारळाच्या काथ्यात लिग्निन नावाचा पदार्थ भरपूर असतो, साधारण ४० टक्क्यांच्या पुढे. कापसात तो जवळजवळ नसतोच. लिग्निनचा रेणू याच षटकोनी कड्यांचा बनलेला असतो, त्यामुळे तो जळताना कोळसा जास्त सोडतो. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घातलं तरी काथ्या टिकून राहतो, त्यामागेही लिग्निनच. म्हणीतला पीळ टिकतो तो या कड्यांच्या जोरावर. निसर्गाने नारळाला हे दिलं होतं, माणसाला स्वतःच्या हाताने धाग्यात कडं ओवायला विसाव्या शतकाचं सातवं दशक उजाडावं लागलं.

उशीर का झाला, यात या सगळ्या गोष्टीतली खरी मौज आहे. वितळत नाही असा धागा पाहिजे, हे म्हणणं सोपं. पण नायलॉनसारखे धागे बनतात तेच मुळी वितळवून! भट्टीत २५० च्या वर तापमानाला साखळ्या जोडायच्या, पातळ झालेला रस बारीक भोकांतून दाबून बाहेर काढायचा, थंड होताना ओढायचा, झाला धागा. ज्याला वितळणबिंदूच नाही त्याचं काय करणार? तापवलं तर तो भांड्यातच कोळसा होऊन बसतो. जो गुण पाहिजे तोच गुण कारखान्याचं दार अडवून उभा. विरघळवावं म्हटलं तर द्रावकही दाद देत नाहीत, कारण साखळ्या एकमेकींना सोडायला तयार नसतात.

वाट सापडली ती थंडपणे काम करण्यातून. ड्यूपाँटमध्ये पॉल मॉर्गन आणि त्यांच्या सहकारी स्टेफनी क्वोलेक यांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आजही रसायनशास्त्राच्या वर्गात केला जातो. काचेच्या चंचुपात्रात खाली एक द्रव, त्याच्यावर हलकेच ओतलेला न मिसळणारा दुसरा. दोघांत नायलॉनचे दोन घटक वेगवेगळे विरघळलेले. जिथे दोन द्रव टेकतात तिथे क्षणात पातळ पांढरा पापुद्रा धरतो. चिमट्याने तो मधोमध पकडून वर उचलला की पापुद्र्याची दोरी होते, आणि उचललेल्या जागी लगेच नवा पापुद्रा तयार होतो. काचेच्या कांडीवर गुंडाळत गेलं की दोरी येतच राहते. ना भट्टी, ना चूल, खोलीच्या तापमानाला टेबलावर नायलॉन. ज्याने हे पहिल्यांदा पाहिलं त्याला जादू वाटली नसेल तर नवल! जादूपेक्षा महत्त्वाचं असं की, साखळी जोडायला उष्णता लागतेच असं नाही हे यातून पक्कं झालं. घटक पुरेसे उतावळे निवडले तर ते थंडीतही जोडले जातात.

त्याच कंपनीत विल्फ्रेड स्वीनी या संशोधकाने मग योग्य द्रावकात, कमी तापमानाला, कड्यांची साखळी जोडली. कड्याला दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर न बसवता थोडे तिरके बसवले होते, त्यामुळे साखळी नागमोडी होते आणि द्रावकात विरघळू शकते. विरघळते म्हणजे भोकांतून काढून धागा करता येतो. हा पांढरा धागा १९६७ साली नोमेक्स या नावाने बाजारात आला. तो ३७० अंशांच्या आसपास काळवंडायला लागतो, पण वितळत नाही.

पिवळा धागा क्वोलेकबाईंचा. १९६४-६५ मध्ये कंपनीला मोटारीच्या टायरसाठी पोलादी तारेच्या जागी हलका धागा हवा होता. क्वोलेक यांनी कड्यांचे सांधे अगदी समोरासमोर असलेली, भाल्यासारखी ताठ साखळी घेतली. तिचं द्रावण विचित्र निघालं. पॉलिमरचं द्रावण दाट, पारदर्शक, चिकट असायला हवं. हे पातळ होतं, गढूळ होतं आणि ढवळलं की चमकत होतं. दुसऱ्या कोणी ते बिघडलं म्हणून मोरीत ओतलं असतं. धागा काढायचं यंत्र सांभाळणारा सहकारीही आधी तयार होईना, गढूळपणा म्हणजे आत कचरा आणि कचऱ्याने भोकं तुंबणार, असा त्याचा हिशेब. शेवटी तो तयार झाला. धागा निघाला, ओढला तरी तुटेना. ताठरपणाचे आकडे इतके मोठे आले की क्वोलेक यांनी चाचणी पुन्हापुन्हा करून घेतली आणि मगच इतरांना सांगितलं. हाच पुढे केव्हलार झाला, वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पाचपट बळाचा.

गढूळपणाचं कारण समजलं तेव्हा तेच मर्म ठरलं. ताठ साखळ्या द्रावणात अस्ताव्यस्त फिरत नव्हत्या. बांगडा माशांचा थवा पाण्यात सगळी तोंडं एका दिशेला करून जावा, तशा त्या गटागटाने एकाच दिशेला तोंड करून होत्या. म्हणून द्रावण पातळ, म्हणूनच त्याची चमक. भोकातून बाहेर पडताना ते सगळे गट एका रेषेत येतात आणि धागा जन्मतःच शिस्तीत असतो. पुढे हर्बर्ट ब्लेड्स यांनी कारखान्याची पद्धत बसवली. दाट सल्फ्युरिक आम्लात पॉलिमर विरघळवायचा, भोकातून निघालेला धागा आधी हवेतून थोडा जाऊ द्यायचा आणि मग थंड पाण्यात बुडवायचा. दाट सल्फ्युरिक आम्ल! कापूस, कातडी, नायलॉन, काहीही त्यात टाकलं तर नष्ट होतं. हा धागा मात्र त्याशिवाय विरघळायलाच राजी होत नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या घराण्याला अ‍ॅरामिड असं नाव दिलं. अट अशी की, निदान ८५ टक्के अमाइड सांधे थेट दोन कड्यांना जोडलेले असले पाहिजेत. नायलॉनच्या सांध्यांना कड्यांचा शेजारच नसतो, म्हणून तो चुलतभाऊ असूनही घराबाहेर.

कोण किती जळतं हे मोजायची एक सुंदर पद्धत आहे. काचेच्या नळीत नायट्रोजन आणि प्राणवायूचं मिश्रण सोडायचं, त्यात नमुना उभा करून वरून पेटवायचा. प्राणवायू कमी करत जायचा आणि तो किती टक्क्यांवर असताना ज्योत जेमतेम टिकते ते बघायचं. कापसाला साधारण १८ टक्के पुरतात, नायलॉनला २० ते २१, लोकरीला २५ च्या आसपास, नोमेक्स आणि केव्हलारला २८ ते ३०. आपल्या हवेत प्राणवायू २१ टक्के. सगळा फरक त्या २१ च्या खाली की वर एवढ्यातच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या. स्फोटानंतर त्या जळत्या गाठी शहरावर उडाल्या. १८ या आकड्याचा तो सगळ्यात भीषण अर्थ. त्या दिवशी मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

हवा बदलली की हिशेब बदलतो, हे २७ जानेवारी १९६७ ला कळलं. अपोलो १ यानाची जमिनीवरच तालीम चालू होती. आत तीन अंतराळवीर, दार बंद, आणि यानात हवेऐवजी शुद्ध प्राणवायू, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने. बारीकसारीक वस्तू तारांच्या जंजाळात पडू नयेत म्हणून यानात जागोजागी नायलॉनची जाळी ताणलेली होती. मालवणात वाळूवर पसरलेली असते त्याच कुळातली जाळी. ठिणगी पडली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपलं. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी तिघेही गेले. शंभर टक्के प्राणवायूत २० चं नायलॉन काय आणि ३० चं नोमेक्स काय, दोन्ही पेटतातच. नासाने मग नायलॉन हटवलं, बाहेरच्या पोशाखाला टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड घेतलं, आणि जमिनीवर असताना यानात शुद्ध प्राणवायू ठेवणं बंद केलं. त्याच काळात पीबीआय नावाच्या धाग्यावर जोरात काम सुरू झालं. कार्ल मार्व्हेल आणि हर्वर्ड व्होगेल यांनी तो पॉलिमर १९६१ मध्येच प्रसिद्ध केला होता. साखळीत कड्यांना कडी जोडलेली, त्याचा आकडा ४१. १९८३ पासून त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं आणि अग्निशामकांच्या सोनेरी-तपकिरी कोटांत तो आजही असतो. ओलावा कापसापेक्षा जास्त शोषतो, त्यामुळे अंगाला बरा वाटतो. पोलादाच्या भट्टीपुढे उभं राहायचं असेल तर हा गुण लहान नाही.

हे सगळं अमेरिकेत घडलं असलं तरी सिंधुदुर्गात त्याचे तुकडे येऊन पडलेले आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीच्या विमानतळावर मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर ७२ उतरलं. या जातीच्या विमानाच्या पंखांची पुढची कडा केव्हलार आणि नोमेक्सच्या थरांची असते. नोमेक्सचा कागद करतात, त्याची मधाच्या पोळ्याच्या आकाराची घरं बनवतात, ती राळेत बुडवून कडक करतात आणि दोन पातळ थरांमध्ये बसवतात. वजन नावापुरतं, ताकद भरपूर, आणि पेटवलं तरी पेट धरत नाही. कुडाळ-कणकवलीवरून जाणारी कोकण रेल्वे मार्च २०२२ मध्ये संपूर्ण विजेवर आली. विजेच्या इंजिनांच्या मोटारींत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या तारांना वेगळं ठेवायला याच जातीचा कागद जगभर वापरतात, कारण बोगद्यांच्या चढावर तार तापली तरी तो काळवंडून शॉर्ट होत नाही.

मग कोणी विचारेल, जाळीच केव्हलारची का करत नाहीत? इतकं बळ, इतकी उष्णता सोसायची ताकद. किंमत हे उत्तर अर्धंच आहे. अ‍ॅरामिडला ऊन बाधतं. मालवणच्या वाळूवर रोज सुकत पडलं तर सूर्यातली अतिनील किरणं त्याच्या सांध्यांवर घाव घालत राहतील. शिवाय तो ताणत नाही. रापण ओढताना जाळं लाटेबरोबर थोडं ताणलं जावं लागतं, नाहीतर झटका ओढणाऱ्याच्या खांद्यात येतो. जाळ्याला नायलॉनच बरा. बळ म्हणजे उष्णता सोसणं, असंही नसतं. डायनिमा नावाचा धागा वजनाच्या मानाने केव्हलारपेक्षाही बळकट आहे, मोठ्या जहाजांचे दोर त्याचे होतात, पण तो साधारण १५० अंशांनाच वितळतो. चहाच्या किटलीच्या तापमानापेक्षा फार वर नाही.

अ‍ॅरामिड आणि सिंधुदुर्ग यांची माझ्या मते सगळ्यात सुरेख गाठ आंबोलीच्या घाटात पडते. सावंतवाडीकडे उतरताना चालक ब्रेक दाबत येतो आणि वळणावर खिडकीतून जो जळका वास येतो, तो ब्रेक लायनरचा. पूर्वी लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसांना घातक ठरला. त्याच्या जागी जे पदार्थ आले त्यात अ‍ॅरामिडचा पिंजलेला लगदा आहे. बारीक, फाटक्या टोकांचे तंतू, बाकीचं सगळं मिश्रण पकडून ठेवतात आणि लाल व्हायला आलेल्या ड्रमवरही वितळत नाहीत. आणि त्यांच्या शेजारी, त्याच लायनरमध्ये, एक तपकिरी भुकटी असते. तिला धंद्यात काजूची भुकटी म्हणतात, आणि ती खरोखरच काजूची असते. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली राळ कुटून ती तयार होते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी या तेलाची पेटंटं घेतली आणि तेव्हापासून ब्रेकमध्ये ती आहे. तापली की वितळून घसरण करत नाही, मऊपणाने पकड ठेवते, आवाज दाबते.

ज्याने लहानपणी परसात काजू भाजताना पाहिलेत त्याला हे ऐकून हसू येईल. काजूच्या बिया भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून चुलीवर ठेवल्या की थोड्या वेळाने टरफलातून तेल फसफसतं, आणि मग एकदम पेट घेतं. पिवळ्या ज्वाळांचे फवारे चारी बाजूंनी सुटतात. लांब काठीने हलवणारी आजी ओरडते, “लांब रव रे, तोंडार उडात!” बिया जमिनीवर ओतून वर राख टाकली तेव्हा कुठे शांत. हेच तेल ओले काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं काढतं, म्हणून त्या आधी हाताला राख लावतात. इतकं पेटणारं, इतकं पोळणारं तेल ब्रेकमध्ये उष्णता सोसायला कसं जातं?

उत्तर रेणूच्या आकृतीत आहे. टरफलाच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा तेल असतं. कच्च्या तेलात बहुतांश अ‍ॅनाकार्डिक आम्ल, तापवल्यावर त्याचं कार्डानॉल होतं. कार्डानॉल म्हणजे एक षटकोनी कडं आणि त्याला लोंबणारी पंधरा कार्बनची शेपटी. पेटते ती शेपटी, नायलॉनच्या रांगेच्याच जातीची. सोसतं ते कडं. राळ करताना कडी एकमेकांना जखडून जातात, आणि मग शेपट्यांची पेटायची सवय बरीचशी आवरली जाते. अ‍ॅरामिडला लागणारं कडं पेट्रोलियमच्या कारखान्यातून येतं, पण तसंच कडं वेंगुर्ल्याच्या प्रत्येक काजूच्या टरफलात तयार असतं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू गोव्यात आणला, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा जाती दिल्या, वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं गरासाठी. टरफलाकडे फार कोणी बघितलं नाही.

पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मात्र बघितलं गेलं. तिथे प्रकाश वाडगावकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काजूच्या तेलातल्या या रेणूपासून अ‍ॅरामिडच्या धाटणीचे पॉलिअमाइड आणि त्याहूनही उष्णता सोसणारे पॉलिइमाइड बनवले. त्यातले बरेच शोधनिबंध २००९-१० च्या आसपासचे आहेत. कार्डानॉलवर हायड्रोजनची क्रिया करून शेपटी स्थिर करायची, मग कड्याला दोन टोकं तयार करायची म्हणजे ते साखळीत ओवता येतं. शेपटी काढून टाकायची नाही, ती मुद्दाम ठेवायची. आणि इथे ती जुनी अडचण, जी ब्लेड्स यांनी सल्फ्युरिक आम्लाने सोडवली होती, वेगळ्याच वाटेने सुटते. साखळ्यांच्या बाजूंना पंधरा कार्बनच्या शेपट्या लोंबत असल्या की साखळ्या एकमेकींना इतक्या जवळ येऊच शकत नाहीत. मधे जागा राहते, द्रावक आत शिरतो. जो पॉलिमर एरवी दाट आम्लाशिवाय विरघळला नसता तो साध्या सेंद्रिय द्रावकांत विरघळतो, आणि ते द्रावण काचेवर पसरून वाळवलं की पारदर्शक, चिवट फिल्म मिळते. साखळी फुटायला लागते ती साधारण ४०० अंशांच्या पुढेच.

फुकट मात्र काही मिळत नाही. शेपट्यांमुळे साखळ्या सैल बसतात, त्यामुळे पॉलिमर मऊ पडायचं तापमान खाली येतं. फुटायचं तापमान वर, मऊ पडायचं खाली, अशी ओढाताण. त्यामुळे शेपटीवाली आणि बिनशेपटीची कडी ठरावीक प्रमाणात मिसळून बघावी लागतात. जास्त शेपट्या, तर विरघळायला सोपं पण लवकर ढिलं. कमी शेपट्या, तर कणखर पण द्रावकात पुन्हा हट्टी. यातून अजून फिल्म आणि लेप निघाले आहेत, अग्निशामकाचा कोट विणता येईल असा धागा नाही.

इकडे जिल्ह्यातल्या काजू कारखान्यांत मार्च ते मे बिया येत राहतात. वाफेवर शिजवून टरफल फोडायचं, गर वेगळा, साल वेगळी. टरफलं तेल काढणाऱ्याला विकली जातात किंवा बिया शिजवणाऱ्या बॉयलरखालीच सरपण म्हणून जातात, आणि तेल काढून उरलेली पेंडही शेवटी भट्टीतच जाते. सरपण म्हणून ती उत्तम असते, कारण बरंचसं तेल काढूनही थोडं आत उरतंच.